‘पाणी आलं’ म्हणजे काय?

नोव्हेंबरमधील एका मंगळवारी रात्री पावणेनऊच्या सुमारास माझ्या संगणकाच्या पडद्यावर दहा चौकोन होते. पाच चौकोनांत दक्षिण जर्मनीतील एका विद्यापीठाचे विद्यार्थी होते आणि पाचांत आमच्या महाविद्यालयातील स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची मुले. आमची एक विद्यार्थिनी घरी नीट रेंज मिळत नाही म्हणून गच्चीच्या जिन्यात बसली होती. तिने त्या दिवशी पहिल्यांदाच कॅमेरा सुरू केला होता आणि गच्चीवरील पावसाच्या पाण्याचा हिशेब ती इंग्रजीतून समजावून सांगत होती. तेवढ्यात खालून तिच्या आईचा आवाज आला, “अगं, पाणी आलं! ये लवकर.” तिने “सॉरी, पाणी आलंय” एवढेच इंग्रजीत सांगितले, कानातले काढून ठेवले आणि ती उठून गेली. तिच्या रिकाम्या चौकोनात एक निळे पिंप आणि पायरीवर उपडी ठेवलेली कळशी दिसत राहिली.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका जर्मन विद्यार्थ्याने काळजीच्या स्वरात विचारले, “पाणी आले म्हणजे काय? तिच्या घरात पूर आला आहे का?”

आमची मुले आधी हसली आणि लगेच गप्प झाली, कारण तो थट्टा करत नव्हता. जुलै २०२१ मध्ये पश्चिम जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात जो महापूर आला, त्यात त्याच्या मावशीच्या घराचा खालचा मजला बुडाला होता. घरात पाणी येणे याचा त्याला ठाऊक असलेला अर्थ तेवढाच होता, कारण नळाचे पाणी त्याच्या लेखी ‘येत’ नाही. ते असतेच. आमच्याकडच्या एका मुलाने मग सांगितले की त्याच महिन्यात, आर नदीच्या पुरानंतर जेमतेम आठवड्याने, पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले होते आणि त्याचे आजी-आजोबा नातेवाइकांकडे जाऊन राहिले होते. अशा रीतीने ‘पाणी आलं’ या दोन शब्दांचे दोन्ही अर्थ त्या रात्री टेबलावर आले. पंचवीस मिनिटांनी मुलगी भिजलेल्या हातांनी परतली, तेव्हा तिच्या अनुपस्थितीत तिच्याच घराविषयी इतकी चर्चा झाल्याचे पाहून ती संकोचली. तिच्या वस्तीत दिवसाआड पाणी येते आणि ते दीड तास टिकते, हे तिने आमच्या इथल्या वर्गमित्रांनाही कधी सांगितले नव्हते.

परदेशातील विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन गट करून काम करण्याचा हा उपक्रम आम्ही काही वर्षांपासून चालवतो. या पद्धतीचा जगभर पुष्कळ प्रसार झाला आहे. न्यू यॉर्क राज्य विद्यापीठात जॉन रुबिन या चित्रपट शिकवणाऱ्या प्राध्यापकाने परदेशातील वर्गांबरोबर एकत्र अभ्यासक्रम चालवण्याचे प्रयोग केले आणि त्यातून २००६ साली तेथे ‘कॉइल’ या नावाचे केंद्र सुरू झाले. दोन देशांतील दोन शिक्षक, दोन वर्ग, मिश्र गट आणि काही आठवड्यांचे एकत्र काम, असे त्याचे साधे स्वरूप असते. त्याही आधी, १९८८ मध्ये, न्यू यॉर्क आणि मॉस्को येथील शाळांना दूरसंचाराने जोडणारा एक प्रकल्प सुरू झाला होता व त्यातून ‘आयअर्न’ ही संस्था वाढली. युरोपात २००५ पासून निरनिराळ्या देशांतील शाळांना ऑनलाइन जोडणारा ‘ई-ट्विनिंग’ हा उपक्रम चालू आहे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरबसल्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा उल्लेख आहे. माझ्यासाठी मात्र याचे कारण फार साधे आहे. माझ्या साठ जणांच्या वर्गात पासपोर्ट असलेले विद्यार्थी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. उरलेल्यांना परक्या देशातील समवयस्कांबरोबर काम करण्याची संधी मिळायची असेल, तर ती या पडद्यावरूनच मिळणार आहे.

पहिल्या वर्षी आम्ही हा उपक्रम फार चुकीच्या पद्धतीने केला, हे येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. आमच्या मुलांनी दिवाळी, गणेशोत्सव आणि फेट्यांवर सादरीकरण केले, त्यांच्या मुलांनी नाताळचा बाजार आणि पावाचे प्रकार दाखवले, दोन्हीकडे टाळ्या झाल्या आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी गेले. त्याच्याही आधी तिकडची शिक्षिका आणि मी अशा आम्ही दोघींनी मिळून एक व्याख्यान दिले होते. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून संस्कृतींना गुण देण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात वरिष्ठ-कनिष्ठ हे अंतर समाज किती सहज स्वीकारतो, याचा निर्देशांक भारतासाठी ७७ आणि जर्मनीसाठी ३५ आहे. आम्ही हे आकडे मुलांना आधीच शिकवले. त्याचा परिणाम असा झाला की समोरचा मुलगा काय बोलतो आहे हे ऐकण्याऐवजी तो पस्तीसमध्ये बसतो की नाही हेच आमची मुले पाहू लागली. त्या जर्मन गटातील एका मुलीचे आई-वडील व्हिएतनामहून आलेले होते आणि दुसऱ्याचे आजोबा तुर्कस्तानातून कामगार म्हणून आले होते. त्यांच्या घरच्या रीतीभातींना त्या आकड्यात कोठेही जागा नव्हती. असे कोष्टक अभ्यासाच्या शेवटी, स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहायला उपयोगी पडते, पण ते सुरुवातीलाच हातात दिले तर माणूस दिसेनासा होतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही सण-उत्सव पूर्णपणे बाजूला ठेवले आणि एक काम निवडले. प्रत्येकाने आपल्या घरातील पाण्याचा सात दिवसांचा हिशेब मांडायचा, ते पाणी कोठून येते याचा माग काढायचा आणि मिश्र गटाने मिळून दोन्ही ठिकाणच्या एकेका घरासाठी पाणी वाचवण्याची योजना तयार करायची. अट अशी की कोल्हापूरच्या घराची गणिते जर्मन मुलांनी करायची आणि तिकडच्या घराची आपल्या मुलांनी. त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय कोणाचेच काम पुढे सरकू शकत नव्हते. सारी रचना या एका अटीवर उभी आहे, असे म्हटले तरी चालेल.

हिशेब सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात सर्वांच्या समजुतींना धक्का बसला. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा ढोबळ निकष माणशी दररोज १३५ लिटर असा आहे आणि ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने ५५ लिटर धरले आहेत. जर्मनीतील घरगुती वापर माणशी सव्वाशे लिटरच्या आसपास आहे. श्रीमंत देशात चोवीस तास नळ असूनही वापर आपल्या कागदावरील शहरी निकषापेक्षा कमी कसा, हा प्रश्न आमच्या मुलांना अनेक दिवस पुरला. तिकडे प्रत्येक लिटर मोजला जातो, त्याचे पैसे द्यावे लागतात आणि सांडपाण्याचेही वेगळे द्यावे लागतात, हे कळल्यावर त्यांनी मीटरची चौकशी केली. पाण्याच्या मीटरला जर्मनमध्ये बोलताना ‘वासरउअर’ म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ पाण्याचे घड्याळ असा होतो. हे ऐकून आमचा एक विद्यार्थी म्हणाला की पाण्याचे घड्याळ तर आमच्याकडेही होते. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात सोडल्या जाणाऱ्या, तळाला बारीक छिद्र असलेल्या वाटीची, म्हणजे घटिकापात्राची, त्याने वहीत आकृती काढून दाखवली. जर्मन मुलांनी ती वाटी बुडायला किती वेळ लागतो हे विचारले. चोवीस मिनिटे, म्हणजे एक घटका, हे त्याने आजोबांना फोन करून पक्के करून घेतले आणि मग सांगितले.

पाण्याचा माग काढणे तर याहून फलदायी ठरले. आमच्या भागीदार गटातील दोघांची घरे श्टुटगार्टमध्ये आहेत. त्या शहराला पुष्कळसे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरील बोडनझे या सरोवरातून नळाने येते. ही योजना १९५८ पासून चालू आहे आणि आज सुमारे चाळीस लाख लोक त्या पाण्यावर आहेत. हे त्या दोघांना माहीत नव्हते. त्यांनी ते आमच्या मुलांच्या प्रश्नामुळे शोधले. आमच्याकडे पंचगंगेच्या काठावरील कोल्हापूरलाही काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाईपलाईनने पाणी आणावे लागले आणि ते २०२३ मध्ये शहरात पोहोचले. पायाशी नदी असलेल्या शहराला दुरून पाणी का आणावे लागते, असे एका जर्मन मुलीने विचारले, तेव्हा नदीच्या प्रदूषणाविषयी जे उत्तर द्यावे लागले ते देताना आमच्या मुलांचा आवाज उतरला. मी मध्ये पडले नाही. तो प्रश्न तिने अपमान करण्यासाठी विचारलेला नव्हता आणि त्याचे खरे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांचीच होती.

याच टप्प्यावर अशी एक गोष्ट घडली, जी मला आजही या साऱ्या उपक्रमाची सर्वांत मोठी कमाई वाटते. “भारतात पाणी कसे मिळते?” या प्रश्नावर आमच्या पाच जणांत एकमत होईना. करवीर तालुक्यातील बागायतदाराचा मुलगा म्हणत होता की पाण्याला तोटा नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातून आलेला मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याने सांगितले की त्याच्या लहानपणी उन्हाळ्यात गावात टँकर येत असे, शाळा सुटल्यावर त्याचे पहिले काम रांगेत घागर लावण्याचे असे आणि अंघोळीचे पाणी परातीत साठवून ते झाडाला घातले जाई. त्याच्या घराचा माणशी हिशेब गटात सर्वांत कमी होता आणि त्यात वाचवण्यासारखे काहीच उरले नव्हते. हे दोघे तीन वर्षे एकाच बाकावर बसत होते. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले त्यात एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा आणि जीवन जाणून घ्यावे, ही तळमळ होती. येथे तर एका तालुक्याने दुसऱ्या तालुक्याला जाणून घ्यायचे राहून गेले होते आणि त्यासाठी जर्मनीतून कोणाला तरी भाबडा प्रश्न विचारावा लागला.

कामाच्या ओघात ज्या अडचणी आल्या त्यांतून मुले सर्वांत जास्त शिकली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे घेतात. आपल्याकडे तशी पद्धत नसल्याने साडेतीन तासांचे अंतर एका रात्रीत साडेचार तासांचे होते. बैठक त्यांच्या दुपारी चारला ठरलेली होती, म्हणजे आमच्या साडेसातला. त्यानंतरच्या मंगळवारी आमची मुले साडेसातला हजर झाली आणि तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिली. चूक माझी होती, मी त्यांना आधी सांगायला हवे होते. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. साडेआठला जर्मन मुले वेळेवर आली, तेव्हा आमच्यापैकी एकानेही तासभर थांबल्याचा उल्लेख केला नाही. पाहुण्याला अवघडल्यासारखे वाटू नये, ही आपली रीत. आठवड्याने सहज बोलण्यातून ते उघड झाले, तेव्हा जर्मन मुले खरोखर दुखावली. “तुम्ही आम्हाला सांगितले का नाही? आम्ही तुमच्या विश्वासाचे नाही का?” असे त्यांचे म्हणणे होते. ज्या मौनाला आपण सौजन्य समजत होतो, ते समोरच्याला दुरावा वाटू शकते, हे कोणत्याही व्याख्यानातून मुलांना इतके पटले नसते.

असेच ‘बघू’चे झाले. टाकीतील पातळी मोजण्यासाठी एक संवेदक बसवावा, असे जर्मन गटाने सुचवले. त्याची किंमत ऐकून आमच्या गटप्रमुखाला ते शक्य वाटले नाही, पण तोंडावर नाही कसे म्हणायचे, म्हणून तो “बघू” या अर्थाने इंग्रजीत “वुई विल सी” म्हणाला. मराठी माणसाला ‘बघू’, ‘करू की’, ‘सांगतो नंतर’ यांचे अर्थ आवाजावरून कळतात. ज्याच्याकडे उसने मागायला गेलो तो ‘बघू’ म्हणाला की आपण चहा संपवून उठतो. जर्मन मुलांनी मात्र त्याचा अर्थ तपासून कळवतो असा घेतला आणि आठवडाभर उत्तराची वाट पाहिली.

उलट दिशेनेही एक प्रसंग घडला. आमच्या एका मुलीने मोठ्या मेहनतीने तयार केलेल्या तक्त्यावर एका जर्मन विद्यार्थ्याने समाईक फाइलमध्ये तीन ठिकाणी सरळ “हे चूक आहे” असे लिहिले. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी मिळून त्याचे शेरे पुन्हा वाचले. त्याने तिची एकूण एक बेरीज पुन्हा केली होती, एकक चुकलेल्या जागा दाखवल्या होत्या आणि शेवटी लिहिले होते की गच्चीच्या क्षेत्रफळाची तिची पद्धत त्याच्यापेक्षा चांगली असल्यामुळे त्याने स्वतःचे गणित बदलले आहे. काही वेळाने ती म्हणाली, “मॅडम, माझं काम इतकं शेवटपर्यंत आजवर कुणी वाचलं नव्हतं.” हे वाक्य शिक्षिका म्हणून मला फार लागले, कारण वाचणाऱ्यांत मीही होते.

भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९९७ मध्ये ‘कुल्तुरा’ हा फ्रेंच भाषेच्या शिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना एकाच अर्थाचे शब्द देऊन मनात काय येते ते लिहायला सांगत. ‘व्यक्तिवाद’ या अर्थाच्या शब्दाला अमेरिकन मुले स्वातंत्र्य, स्वावलंबन असे शब्द जोडत आणि फ्रेंच मुले बहुधा स्वार्थ. महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या मनातले आपल्याच भाषेत लिहावे, असा तेथे नियम होता. या नियमाचे मोल मला आमच्या अहवालाच्या वेळी कळले.

अहवालाच्या कच्च्या मसुद्यात आमच्या मुलाने इंग्रजीत असे वाक्य लिहिले होते की “आपली मोजणी अजून पूर्ण झालेली नाही.” मोजणी आमच्याच मुलांची राहिली होती. पण इंग्रजीतील ‘वुई’ वाचून जर्मन मुलांना वाटले की आपले काम वेळेत झालेले असूनही दोष आपल्यावरही टाकला जात आहे. यावर बोलणे झाले तेव्हा त्या मुलाने ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील फरक सांगितला. ऐकणाऱ्याला धरून असतो तो ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळून असतो तो ‘आम्ही’. चूक कोणाची हे चारचौघांत बोलून दाखवू नये म्हणून मराठीत आपण पुष्कळदा ‘आपलं राहिलं’ असे म्हणतो आणि सगळे समजून घेतात. जर्मनमध्ये दोन्हींसाठी ‘वीर’ हा एकच शब्द आहे. दुसरीकडे, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद मात्र त्यांच्या ‘डू’ आणि ‘झी’मध्ये जसाच्या तसा आहे. कोणाला कधी ‘तू’ म्हणायचे, नव्या शेजाऱ्याला किती दिवस ‘झी’ म्हणायचे, यावर त्या संध्याकाळी दोन्हीकडची मुले जिवाभावाची असल्यासारखी बोलली. सहा आठवडे सगळे इंग्रजीतून बोलत होते आणि इंग्रजीने त्यांच्यातील हा फरकही झाकून ठेवला होता आणि हे साम्यही. त्यानंतर मसुद्यात कोठेही ‘वुई’ आले की जर्मन मुले शेजारी रोमन लिपीत विचारू लागली, “आपण की आम्ही?”

म्हणूनच दोन्ही गटांनी आपापल्या भाषेतील शब्द सांभाळून कामात आणावेत, असा आग्रह मी आता धरते. यंदा अहवालाला जोडलेल्या शब्दसूचीत ‘पाणी येणे’, ‘दिवसाआड’, ‘आपण’, ‘बघू’ आणि ‘वासरउअर’ हे शब्द स्पष्टीकरणासह दिले आहेत. ‘दिवसाआड’ची व्याख्या त्या गच्चीच्या जिन्यातील मुलीने लिहिली आणि तिच्या आईचे पाणी भरण्याचे वेळापत्रक उदाहरण म्हणून दिले.

काही गोष्टी अजून नीट जमलेल्या नाहीत. आमच्या मुलांचे कॅमेरे बहुतेक वेळा बंद असतात, कारण एका खोलीच्या घरात मागे टीव्ही चालू असतो, वडील जेवत असतात आणि ते दाखवायला मुलांना नको वाटते. तिकडे त्याचा अर्थ निरुत्साह असा घेतला जात होता. आता पहिल्याच बैठकीत मी हे कारण सांगते आणि कॅमेऱ्याची सक्ती करत नाही. व्हॉट्सअॅप गटाचेही तसेच. आमची मुले पहिल्या दिवशी फोन नंबर मागतात आणि जर्मन मुले खाजगी माहितीबाबत काटेकोर असल्याने देत नाहीत. त्यामुळे सगळा व्यवहार एका समाईक फाइलवर ठेवावा लागतो. रात्री साडेआठची वेळ वसतिगृहातील मुलींना मेसच्या वेळेमुळे अडचणीची ठरते आणि यावर मला अजून चांगला तोडगा सापडलेला नाही.

सर्वांत मोठी विषमता श्रेयांकांची आहे. जर्मनीतील विद्यार्थ्यांना या कामाचे श्रेयांक मिळतात. आमच्या मुलांनी तेवढेच काम विद्यापीठाच्या परीक्षेचा अभ्यास सांभाळून, दिवाळीच्या सुट्टीत, कोणत्याही गुणांशिवाय केले. त्यांची हौस मोठी आहे, पण हौसेवर किती वर्षे चालवायचे? या कामाला दोन श्रेयांक मिळावेत, असा प्रस्ताव मी अभ्यास मंडळाकडे पाठवण्यासाठी लिहून ठेवला आहे आणि पुरावा म्हणून मुलांच्या अहवालातील पन्नास पाने त्याला जोडली आहेत. त्या पानांवरील ‘हे चूक आहे’ आणि ‘आपण की आम्ही?’ हे शेरे मी पुसलेले नाहीत.